'देबोर्दे' : सगळं काठाबाहेर गेलं की मराठीत काय म्हणायचं?

कोपरीकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतेय, धागा आज पहिल्यांदाच काढतेय तर सांभाळून घ्या.

मी ऐरोलीला नोकरी करते, आमच्या टीमचं काम म्हणजे फ्रान्समधल्या एका ऑफिसची बिलं आणि हिशेब इथून बघायचे. मंथ एंडला दोन्हीकडे धावपळ असते. परवा तिकडच्या एका बाईंना मी तिसऱ्यांदा रिमाइंडर टाकला तर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, 'देझोले, ज स्वी देबोर्दे.' देझोले म्हणजे सॉरी एवढं माहीत होतं, पुढचं शोधलं. तर अर्थ निघाला, माफ करा, मी काठाबाहेर गेलेय. पावसाळ्यात नदी काठ सोडते ना, तसं. आणि तिकडे हे अगदी रोजचं बोलणं आहे, साहेबाला सांगतात, मैत्रिणीला सांगतात, ऐकणारा काही मनात आणत नाही.

ते वाचून मी पाच मिनिटं तशीच बसले. कारण गेले दोन महिने माझं नेमकं हेच झालंय आणि मला ते कोणाला सांगताच येत नव्हतं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मुलगा दहावीत आहे, नवरा कामासाठी पुण्याला असतो तो शनिवार-रविवारच घरी. यातली एकेक गोष्ट घेतली तर काही विशेष नाही, सगळ्यांच्या घरी असतं हे. गेल्या गुरुवारी सकाळी दूध तापत ठेवलं होतं आणि मी समोरच उभी होते. साय फुगून वर येताना दिसत होती, पातेल्याच्या कडेला आली, मी बघतेय, हात गॅसच्या बटणाकडे गेलाच नाही. ओट्यावरून ओघळ खाली लादीवर आला, पायाला गरम लागलं तेव्हा जागी झाले. पुसताना आईचा फोन आला डोंबिवलीहून. मी म्हटलं, आई मी ओव्हरव्हेल्म झालेय गं. आई म्हणाली, म्हणजे? ताप आहे का? मग मी म्हटलं, काही नाही, दमलेय. ती म्हणाली, दुपारी जरा आडवी हो.

पण मला दमलेय हे सांगायचंच नव्हतं. वैतागलेय असंही नाही, वैतागात राग असतो, मला राग आलेला नाहीये कोणाचा. टेन्शनही नाही, टेन्शन पुढच्या गोष्टीचं असतं. मग या अवस्थेला आपल्याकडे काय म्हणतात? आईला कळेल असं काहीतरी हवंय.

विटावा_पूल

ताई, आधी काळजी घ्या. पण शब्दांचं म्हणाल तर मराठीत काय कमी आहे का, नाकी नऊ येणं आहे, तोंडाला फेस येणं आहे, मेटाकुटीला येणं, जीव टांगणीला लागणं, भंडावून जाणं. फ्रेंचपर्यंत कशाला जायला पाहिजे? मला तर वाटतं आपण इंग्रजीत विचार करायची सवय लावून घेतली म्हणून हे शब्द वेळेला तोंडावर येत नाहीत.

कोपरीकर

दादा तुमचं खरं आहे, सवय सुटलीय. पण बघा, नाकी नऊ येतात ते एखादं काम पुरं करताना, त्यात धडपड आहे. तोंडाला फेस येतो तो धावताना. माझी त्या दिवशी धडपडच बंद झाली होती, मी उभी होते आणि बघत होते. आणि भंडावून सोडायला समोर कोणीतरी लागतं, लहान मूल किंवा विम्याचे फोन करणारे.

फ्रेंचवर्ग_पाचपाखाडी

मी अकरावी-बारावीच्या मुलांना फ्रेंच शिकवते, वीस वर्षं झाली, त्यामुळे धागा बघून राहवलं नाही, जरा लांब लिहितेय.

देबोर्देच्या पोटात 'बॉर' हा शब्द आहे, लिहिताना शेवटी द असतो पण म्हणत नाहीत. बॉर म्हणजे कड, काठ. नदीचा काठ बॉर, समुद्राचा किनारा बॉर, पेल्याची कड बॉर, टोपीची कडही बॉर. जहाजाच्या बाजूलाही बॉर म्हणतात. याच बॉरपासून जुन्या फ्रेंचमध्ये 'बोर्द्यूर' झाला आणि तो इंग्रजीत जाऊन बॉर्डर झाला, म्हणजे आपण दुकानात साडी बघताना 'बॉर्डर जरा मोठी दाखवा' म्हणतो त्यात देबोर्देचंच मूळ बसलेलं आहे. मी वर्गात हे नेहमी साडीवरूनच सांगते, कारण मराठीत नदीलाही काठ आणि साडीलाही काठ, अगदी फ्रेंचसारखंच. मुलींना लगेच कळतं, मुलांना काठपदर म्हणजे काय ते आधी सांगावं लागतं.

आता गंमत क्रियापदात आहे. 'देबोर्दे' क्रियापद म्हणजे काठावरून वाहणं. दूध उतू गेलं तरी फ्रेंच माणूस हेच क्रियापद वापरतो, ताईंच्या पातेल्यातलं दूध तिकडेही देबोर्देच झालं असतं. माणसाबद्दल मात्र दोन तऱ्हेने बोलतात. अमका उत्साहाने ओसंडतोय, कल्पनांनी ओसंडतोय असं कर्तरी म्हटलं की कौतुक. आणि 'मी देबोर्दे आहे' असं कर्मणी म्हटलं की मी ओसंडत नाहीये, माझ्यावरून वाहून गेलंय, कामाने म्हणा, घटनांनी म्हणा. काठ मी आहे, पाणी मी नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. (बाईने लिहिताना शेवटी एक जास्तीचा इ येतो, उच्चार तोच.)

एक म्हणही आहे त्यांच्यात, 'ला गूत दो की फे देबोर्दे ल वाझ', फुलदाणी ओसंडायला लावणारा पाण्याचा थेंब. म्हणजे आधीचं सगळं पाणी कोणी मोजत नाही, शेवटचा थेंब दिसतो. ताईंच्या बाबतीत दूध हा तो थेंब असावा.

बाकी या भावनेला फ्रेंचमध्ये आणखी शब्द आहेत. 'आकाब्ले' म्हणजे दुःखाने किंवा ओझ्याने चेपलेला, त्याचं मूळ जुन्या काळच्या दगड फेकणाऱ्या युद्धयंत्रात आहे, अंगावर धोंडे येऊन पडावेत तसं. 'बुलवर्से' म्हणजे आतून उलथापालथ झालेला, एखादी बातमी ऐकून होतो तसा, ती चांगली असो की वाईट. आणि 'स्यूबमेर्झे' म्हणजे बुडालेला. तिन्ही देबोर्देपेक्षा जड. देबोर्दे हा त्यातला साधा, ऑफिसात चालणारा, कोणाला न घाबरवणारा शब्द.

नौपाडा_आजी

पाचपाखाडीच्या बाई, किती छान समजावून सांगितलंत. माझं वय ७४, मराठीची शिक्षिका होते, मुलीने हा धागा वाचून दाखवला आणि आता मीच टाइप करतेय तर चुका पोटात घाला.

दूध उतू जातं तो 'उतणे' शब्द आपल्याकडे आहेच, मग माणूस कामाने उतू गेला असं आपण का म्हणत नाही? माझ्या मनात लगेच श्रावणातल्या कहाण्या आल्या. वसा घेताना काय म्हणतात, उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको. म्हणजे मराठीत माणूस उतला की तो मातला, माज आला, असा अर्थ झाला. भांड्याबाहेर जाणं हा माणसाचा दोष ठरला. तिकडे काठाबाहेर गेलेल्या माणसाला लोक म्हणत असतील, अरेरे फार आलं वाटतं तुझ्यावर, आणि आपल्याकडे काठाबाहेर गेलेल्या बाईला विचारतात, कुठे लक्ष असतं गं तुझं. दूध उतू गेलं की हेच वाक्य ऐकलंय ना सगळ्यांनी? मी स्वतः सुनेला म्हटलेलं आहे. आता वाईट वाटतं.

पण त्याच घरात रथसप्तमीला आपण काय करतो, बोळक्यात दूध घेऊन गोवऱ्यांवर ठेवतो आणि मुद्दाम उतू जाऊ देतो. सूर्याला दाखवायचं ते. नव्या घरात शिरतानाही दूध उतू घालवतात. त्या दिवशी कोणी कोणाला बोलत नाही, सगळे भोवती उभे राहून वाट बघतात कधी वर येतंय. म्हणजे उतू जाण्याला आपल्याकडे दोन्ही अर्थ आहेत, फक्त शुभ अर्थ भांड्यासाठी ठेवला आणि दोष माणसासाठी.

कोपरीच्या मुली, तू आईला सरळ सांग की मी उतू गेलेय. कळेल तिला.

शारेत_घणसोली

आजी नमस्कार. मी आर्किटेक्ट आहे, आमच्या धंद्यात एक फ्रेंच शब्द रोज वापरला जातो तो इथे सांगायलाच हवा, शारेत. शारेत म्हणजे हातगाडी. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये, म्हणजे तिथल्या कला आणि आर्किटेक्चरच्या कॉलेजात, सबमिशनची वेळ झाली की विद्यार्थ्यांची ड्रॉइंग्ज गोळा करायला गाडी फिरायची, आणि ज्यांचं काम राहिलंय ती मुलं गाडीबरोबर जात जात शेवटच्या रेघा मारायची, काही तर गाडीवरच चढायची असं सांगतात. त्यावरून फ्रेंचमध्ये आजही कामाच्या घाईत बुडालेला माणूस म्हणतो मी 'शारेत' आहे, आणि इंग्रजीत शारेत म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून थोड्या वेळात डिझाइन पुरं करायची बैठक. कॉलेजात पाचव्या वर्षाला थीसिसच्या आधी चार रात्री आम्ही सगळे एका मित्राच्या रूमवर होतो, शीटवर चहा सांडलेला, एकजण मॉडेलचे पुठ्ठे कापतोय, एकजण झोपेत स्केल धरून बसलाय. ती घाई होती पण त्यात मजा होती कारण गाडी सगळ्यांसाठी एकच होती. ताईंचं तसं नाहीये, त्या गाडीवर एकट्या आहेत. म्हणून त्यांना शारेत नाही लागू पडत, देबोर्देच बरोबर.

स्वयंपाकी_नेरूळ

किचनवाल्यांचा पण एक आहे, 'दाँ ल झ्यू', रसात म्हणजे जूसमध्ये बुडालेला. फ्रान्समध्ये सर्व्हिस अंगावर आली की वेटर कुक सगळे हेच म्हणतात. शनिवारी रात्री साडेनऊला एकदम बारा केओटी म्हणजे किचनला येणारे ऑर्डरचे कागद लागतात, मशीन थांबतच नाही कागद बाहेर टाकायचं, त्या वेळी सगळ्यात वाईट काय होतं माहितीये, हात चालू असतात पण पुढची ऑर्डर वाचली तरी डोक्यात शिरत नाही. तेव्हा आमचे जुने शेफ एक करायचे, त्या पोराला बाजूला घेऊन एकच कागद हातात द्यायचे, बाकीचे स्वतःकडे. ओरडायचे नाहीत. मी आता तसंच करतो. ताई तुमच्याकडे बाकीचे कागद घ्यायला कोणी आहे का बघा.

कळवा_सिस्टर

मी नर्स आहे, सव्वीस वर्षं झाली. हॉस्पिटलचं नाव नको. माझ्या मते ताईंना हवा तो शब्द मराठीत आहे आणि तो मी रोज ऐकते. 'काही सुचेनासं झालंय.'

रात्री अॅडमिशनला माणूस येतो, वडिलांना स्ट्रेचरवर आत नेलेलं असतं, हातात फाइल, पिशवी, चप्पल, मोबाइल सगळं एकदम धरलेलं. मी विचारते पेशंटचं वय काय, तो माझ्याकडे बघत राहतो. रडत नाही, चिडत नाही, घाबरलेला पण दिसत नाही. जन्मापासून ज्यांच्याबरोबर राहिला त्या बापाचं वय त्याला सांगता येत नाही. मग दोन मिनिटांनी म्हणतो, सिस्टर, मला काही सुचेनासं झालंय. मी त्याच्या हातातली चप्पल आणि पिशवी आधी काढून घेते, खुर्चीवर ठेवते, मग परत विचारते. बहुतेक वेळा तेव्हा सांगता येतं.

बघा या शब्दात मी काही केलं नाही असं आहे. 'मी सुचत नाही' असं आपण म्हणत नाही, 'मला सुचत नाही', सुचणं आपोआप यायचं ते यायचं थांबलं. पाचपाखाडीच्या बाई म्हणाल्या तसंच, दोष नाही त्यात. ताई गॅससमोर उभ्या होत्या तेव्हा त्यांना सुचेनासं झालं होतं, हात उचलायचं सुचलं नाही.

विटावा_पूल

सिस्टर, हे पटलं. माझ्या यादीत हा नव्हता आणि हाच सगळ्यात जवळचा आहे. मी माझं पहिलं म्हणणं मागे घेतो, म्हणजे फ्रेंच शब्दावरून निघालो म्हणूनच आपल्या शब्दाकडे नीट बघितलं गेलं.

एक विचारायचं होतं, पेपरमध्ये ओव्हरव्हेल्मला 'भारावून गेले' लिहितात ते बरोबर का?

फ्रेंचवर्ग_पाचपाखाडी

भारावणं आपण चांगल्या अर्थानेच वापरतो, सत्काराने भारावले, प्रेमाने भारावले. नोकरीच्या ताणाने भारावले म्हटलं तर ऐकणारा गोंधळेल. आणि ओव्हरव्हेल्म हा शब्द फ्रेंच नाही बरं का, तो इंग्रजीचा स्वतःचा जुना आहे, त्यातल्या व्हेल्मचा अर्थ पालथं घालणं.

दिवाळेकर

पालथं म्हटल्यावर मी लिहितो. आम्ही दिवाळे गावचे, घरात होड्या होत्या, वडील खाडीत जायचे, मी आता बेलापूरला ऑफिसात आहे. लाट वरून आली की होडी पालथी होते ती एक गोष्ट, आणि भरतीचं पाणी चढत चढत घराच्या पायरीपर्यंत येतं ती वेगळी. दुसऱ्याला आम्ही उधाण म्हणतो. अमावास्या-पौर्णिमेला येतं, तारीख आधी माहीत असते, कोणाची चूक नसते. माझी आजी उधाणाच्या आदल्या दिवशी चुलीजवळची लाकडं, सुकी मासळी, जाळी सगळं वर ठेवायची आणि मग दारात बसून राहायची. पाणी यायचं, पायरीला लागायचं, उतरायचं. ताईंची लाट नाही वाटत मला, उधाण वाटतंय. फक्त आपण आनंदाला उधाण आलं, उत्साहाला उधाण आलं असं लिहून लिहून त्या शब्दाचं पाणी गोड करून टाकलंय.

धारणतलाव

दिवाळेकरांनी भरतीचा विषय काढला म्हणून. मी पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या कामात बरीच वर्षं होतो. नवी मुंबईचा काही भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे, म्हणून सिडकोने शहर वसवताना हॉलंडच्या धर्तीवर होल्डिंग पाँड म्हणजे धारण तलाव केले. खाडीच्या तोंडाला झडपा आहेत, फ्लॅप गेट. भरती आली की खाडीचं पाणीच झडप दाबून बंद करतं, बाहेरचं आत येत नाही. पण त्या वेळी पाऊस पडत असेल तर शहराचं पाणी बाहेरही जाऊ शकत नाही, ते तलावात साठतं, आणि ओहोटी लागली की झडप उघडून आपोआप निघून जातं. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या जुन्या बांधांना, म्हणजे खारबंदिस्तीला, ज्या उघाड्या म्हणजे झडपेची दारं असतात त्यांचं तत्त्वही हेच.

आता तलाव ओसंडतो केव्हा? लोकांना वाटतं पाऊस जास्त झाला म्हणून. तेही असतं, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर झाला त्यापुढे कोणाचं काय चालणार. पण एरवी साधाच पाऊस असतो, मोठ्या भरतीच्या वेळेला गाठ पडते, आणि मुख्य म्हणजे तलावात वर्षानुवर्षं गाळ साचलेला असतो. वरून बघितलं तर तलाव तेवढाच दिसतो, आत जागा राहिलेली नसते. कोपरीच्या ताईंनी जे लिहिलंय ना, की एकेक गोष्ट घेतली तर विशेष काही नाही, ते वाचून मला हेच आठवलं.

शारेत_घणसोली

सर हे फार नेमकं लिहिलंत. शाळेत असताना मी त्या तलावांच्या कडेने सायकल फिरवायचो आणि मला ती नुसती डबकी वाटायची.

कोपरीकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मी तीन दिवसांनी लिहितेय. तुमचं सगळं वाचलं, काही दोनदा वाचलं, ट्रान्स हार्बर लोकलमध्ये उभ्याने वाचताना डोळ्यांत पाणी आलं तर शेजारच्या मुलीने बसायला जागा दिली.

परवा रात्री आईला फोन केला. म्हटलं, आई, त्या दिवशी मी दमलेय म्हणाले ते तसं नव्हतं. मला काही सुचेनासं झालंय गं. दूध डोळ्यांसमोर उतू गेलं आणि मी बघत उभी राहिले. आई दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मग तिने विचारलं, किती दिवस झालं असं होतंय? मी म्हटलं, दोन महिने. ती म्हणाली, बरं, आणि फोन ठेवला.

काल सकाळी सात वाजता दारात उभी. डोंबिवलीहून पहाटेच्या स्लो लोकलने आली, हातात दोन पिशव्या, एकीत तिचे कपडे. चप्पल काढून आत आली, सासूबाईंना म्हणाली, विहीणबाई, तुमचा व्यायाम मी घेणार आता रोज, आणि मला म्हणाली, तू दुधाकडे बघू नकोस, मी बघते. मुलाचा डबाही तिनेच भरला. मी आठ वाजेपर्यंत झोपले, कामाच्या दिवशी आठ वाजेपर्यंत.

सुनेला बोललेय असं आजींनी लिहिलंय ना, ते मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मी पण बोललेय तुला.

नेरूळच्या दादांचं ऐकून ऑफिसातही लीडला सांगितलं, दोन क्लायंटची बिलं या महिन्यापुरती दुसरीकडे दिलीत. आणि फ्रान्सच्या बाईंना चौथा रिमाइंडर टाकला नाही. नुसतं लिहिलं, कळलं मला, तुमचं झालं की पाठवा. त्यांचं उत्तर संध्याकाळी आलं, फाइल्ससकट.

नौपाडा_आजी

वाचून बरं वाटलं बाळा. आईला माझा नमस्कार सांग. आणि रथसप्तमीला दोघी-तिघी मिळून दूध ठेवा, मोठ्या बोळक्यात ठेवा.

कळवा_सिस्टर

ताई, गुडघ्याच्या व्यायामात टाच ओढत गुडघा वाकवायचा तो हळूच करायला सांगा आईंना, दुखलं की थांबायचं, ओढाताण नको, आणि फिजिओने दिलेल्या कागदाप्रमाणेच करा. पोटरीला सूज किंवा दुखणं वाढलं तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

कोपरीकर

हो सिस्टर, कागद फ्रिजवर लावलाय. आता आई तोच वाचतेय चष्मा लावून.